लाल पट्टीचा टब

सोमवार, ३

नवी खोली, नवी वही, नवा मी! पहिल्या दोन गोष्टी तरी नक्की खऱ्या आहेत.

खोली माळ्यावरची. छत इतकं उतरतं की पलंगावरून उठताना डोकं आपटणारच. आजच्या दिवसात तीनदा आपटून झालं. पण खिडकी मोठी आहे, टेबल डुगडुगत नाही, आणि खालच्याच मजल्यावर ती राहते. भाडं नाही. त्याबदली तिच्या वडिलांच्या फिश टँककडे बघायचं. ‘समुद्री टँकची जाण असलेला भाडेकरू पाहिजे’ ही चिठ्ठी मी चष्म्याच्या दुकानात वाचली. तुटलेली काडी जोडून घ्यायला गेलो होतो. ती तिथे काउंटरमागे बसून काचा घासते. काडी कशी तुटली, असं तिने विचारलं. दारावर आपटलो, म्हणालो. खरं म्हणजे भांडणाच्या भरात मीच चष्मा काढून फरशीवर फेकला होता. तिने काडी बसवली, दोन बोटांनी चष्मा माझ्या कानांवर सारखा केला आणि आता नीट दिसतंय का, असं विचारलं. मला जे दिसत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. चिठ्ठी तिनेच लिहिलीय हे कळल्यावर मी उभ्या उभ्या हो म्हणून टाकलं.

घरात तिघंच. मास्तर, म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं, पुढची काही वर्षं बँड चालवला. आता फुप्फुसं गेली आहेत. ऑक्सिजनचं मशीन शेजारी घेऊन दिवसभर टँकसमोरच्या खुर्चीत असतात. ते तिला पिपाणी म्हणतात, कारण जन्मली तेव्हा तशी वाजत होती म्हणे. आणि आत्या. मास्तरांची मोठी बहीण, जीभ अशी की चष्म्याची काच तिच्यावरच घासावी. मी समुद्री जीवशास्त्राची पदवी घेतलीय असं सांगितल्याबरोबर आत्यांनी माझं नाव प्रोफेसर ठेवलं, आणि प्रोफेसरला भांडी घासता येतात का ते विचारलं, कारण टँक म्हणजे शेवटी एक मोठं भांडंच.

पदवी. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, सरांच्या अंगावर प्रॅक्टिकलचं जर्नल भिरकावून. वहीत तरी खरं लिहावं.

खरं लिहायचंच तर बादलीचंही लिहितो. दीड वर्ष मी उस्तादांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात होतो. शनिवारी एका गिऱ्हाइकाला मी कोरलचं नाव चुकीचं सांगितलं, आणि उस्तादांनी मला गिऱ्हाइकासमोर दुरुस्त केलं. माझं डोकं फिरलं. बोलू नये ते बोललो आणि निघालो. निघताना मागच्या खोलीतल्या लाल पट्टीच्या टबातून एक दगड उचलला. त्या टबात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही, अशी ताकीद होती. उस्ताद स्वतःसुद्धा कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवूनच त्याला हात लावायचे, आपल्या हाताचा मळ कोरलला लागू नये म्हणून. त्यातला एक तुकडा कधी विकला नाही, कुणाला दाखवला नाही. दुकानात जे विकायला नाही तेच सगळ्यात भारी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दीड वर्षाच्या राबण्याबद्दल एक दगड जास्त नाही.

तो आता झाकणाच्या बादलीत, पलंगाखाली आहे. हवेची नळी बुडबुडतेय. उद्या तिला दाखवणार.

मंगळवार, ४

आजच्यासारखा दिवस गेल्या वर्षभरात आला नव्हता.

तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. नवं कोरल आलं की नियमाने ते आधी वेगळ्या पाण्यात काही आठवडे ठेवायचं, त्यावर काय काय चिकटून आलंय ते बघायचं, ओळख पटली की मग टँकमध्ये. दुकानात मी हे शंभरदा केलंय. पण ती माझ्या खांद्याशी उभी होती. आठवडे कुठून आणू?

तापमान जुळवलं. बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी बादलीत थेंब थेंब सोडलं, तासभर. खारटपणा दोनदा मोजला. दगड खालच्या बाजूला, उजेड कमी आणि प्रवाह मध्यम अशा जागी टेकवला. टँकमध्ये नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आहेत, आणि मधोमध एक जुनं हिरवं कोरल, मेंदूच्या वळ्यांसारखं. मास्तर निवृत्त झाले तेव्हा बँडच्या पोरांनी ते दिलं. मास्तर त्याला ढोल म्हणतात. अकरा वर्षांचा ढोल.

पाऊण तास दगड नुसता तपकिरी गोळा होता. मग एक तोंड उघडलं. मग दुसरं. चपट्या गोल चकत्या, शर्टाच्या बटणाएवढ्या, कॉफीच्या रंगाच्या, मध्ये हिरवट ठिपका आणि कडेला बारीक केसांची झालर. एकेक चकती म्हणजे एक पॉलिप, एक जीव. एकूण अकरा. आत्यांनी विचारलं, बटणं झाली, शर्ट कुणाचा फाडून आणलास? मास्तर म्हणाले, अकरा वादक वेळेवर बसलेत, एकानेही वाद्य आणलेलं नाही; माझ्या बँडची हुबेहूब नक्कल. हसताना त्यांना धाप लागली, आणि तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता माझ्याकडे असं पाहिलं, जणू आज घरात हे हसू मीच आणलं.

मग तिने नाव विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्या टबातल्यांचं नाव उस्तादांनी कधी सांगितलंच नाही. तोंडाला आलं ते बोललो: राजबटण. अतिशय दुर्मीळ. एका पॉलिपपासून मी स्वतः वाढवलंय. तिने खिशातली छोटी वही काढून ते नाव लिहून घेतलं. तिच्या अक्षरात माझं खोटं इतकं सुंदर दिसत होतं की कानशिलं तापली.

गुरुवार, ६

रोजचं काम आता ठरलंय. सकाळी उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी घालायचं, खारटपणा बघायचा, तापमान पंचवीसच्या आसपास आहे ना ते बघायचं, काच आतून पुसायची. एक दिवसाआड बारीक खाणं, नळीने, प्रत्येकाच्या तोंडाशी. मास्तर मोजणी ठेवतात. आज तेरा.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. मी जवळ गेलो की बटणं मिटतात. ती काचेला नाक लावून उभी राहिली तरी उघडीच असतात. मास्तर दिवसभर समोर बसून असतात, तरी उघडी. आत्या फडकं झटकत जातात, तरी. मी दोन हातांवर आलो की एकेक करून आत ओढून घेतात अंग. बहुतेक माझी सावली पडते. आज दुसऱ्या बाजूने गेलो, वाकून गेलो, शर्ट बदलून गेलो. मिटलीच. आत्या म्हणाल्या, प्रोफेसर, तुझी चाहूल लागली की नव्या नवरीसारखी पदर ओढून बसतात बघ. तीही हसली. मीही हसलो. पण वर येऊन उगीच आरशात बघितलं.

रविवार, ९

आज मी नीचपणा केला.

तिने दुकानातलं भिंग आणलं होतं. ती काचेशी बसून एकेका पॉलिपचं चित्र काढत होती, पेन्सिलीने, फार नेटकं. मी शेजारी. दोघांच्या कोपरांमध्ये वीतभरही अंतर नव्हतं. तिने सहज सांगितलं की यांच्या अंगात वाळू आहे. अंगावर बसलेली नाही, मांसातच मुरलेली, कणिक वाळूत लोळवावी तशी. ग्रंथालयातल्या पुस्तकात बटणांसारखी दोन कोरलं तिला सापडली होती: एकाच्या अंगात वाळू नसते, दुसऱ्याच्या असते. मग हे दुसरं का? आणि पुस्तकात राजबटण हे नाव कुठेच कसं नाही?

तिने फक्त विचारलं होतं. हसून विचारलं होतं. मला मात्र गिऱ्हाइकासमोर दुरुस्त करणारे उस्ताद दिसले. मी म्हणालो की पुस्तकं लिहिणारे कधी पाण्यात हात घालत नाहीत. वाळू प्रवाहाने उडून बसलीय. चष्मे पुसणाऱ्यांनी चष्मे पुसावेत.

तिने पेन्सिल खाली ठेवली. चित्र घडी करून वहीत ठेवलं आणि आत गेली. मास्तर टँककडे बघत राहिले. माफी मागायला मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. शेवटी माशांना खाणं टाकताना पुटपुटलो, चुकलो म्हणून. मासे ऐकून घेतात.

वाळूबद्दल उस्ताद एकदा कुणाला तरी काही सांगत होते. मी तेव्हा फोनवर तिसऱ्याच मुलीच्या निरोपाची वाट बघत होतो. काय सांगत होते ते आठवत नाही.

मंगळवार, ११

सव्वीस. आता दगडावर मावत नाहीत. दोन काचेवर, तीन फिल्टरच्या तोंडाशी, आणि चार ढोलच्या कडेला.

ढोल पांढरा पडतोय. कडेने बोटभर रुंदीचा पट्टा, सोललेल्या हाडासारखा. मास्तरांनी सकाळपासून एक विनोद केला नाही. दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच, पिपाणीला ऐकू जाऊ नये असं, विचारलं: हे तुझा राजा करतोय का रे? मी म्हणालो, असं होतं कधीकधी, उद्या आवरतो. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर थोपटलं. मला वाटलं, एक थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, १२

पाण्यात हात घालून काचेवरची आणि ढोलजवळची सगळी पात्याने खरवडली. अंगठ्याला पातं लागलं, थोडंच. खरवडताना त्यांच्यातून बुळबुळीत काहीतरी सुटत होतं.

चहा पितळेच्या चमच्यासारखा लागला. आत्यांना म्हणालो तर त्या म्हणाल्या, दोष जिभेचा आहे, चहा कालच्याच पातेल्यातला. ओठ बधिर झालेत, दाताच्या डॉक्टरांकडून उठून आल्यासारखे. अंगठा सुजलाय, आतून मुंग्या.

ती आज माझ्याशी बोलली. औषधाची पट्टी दिली. अंगठ्याला स्वतः गुंडाळली. रविवारच्या बोलण्याबद्दल मी काहीतरी म्हणणार होतो, पण तिने आधीच विचारलं, पुस्तकातली पानं वाचायला आणू का? मी नको म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की तिने मान वर करून बघितलं.

शुक्रवार, १४

चाळीस. खरवडलेल्या प्रत्येक जागी तीन-तीन उगवलीत. ढोल अर्धा गेला.

दुकान सोडल्यापासून बंद ठेवलेला फोन शेवटी चालू केला आणि उस्तादांना लावला. कोपऱ्यावरच्या झाडाखाली उभं राहून, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पहिल्या घंटेलाच उचलला. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. म्हणाले, दोन आठवडे होत आले, शोधतोय तुला. कुठे आहेस, ते कुठे ठेवलंयस? मी विचारलं, काय कुठे ठेवलंय. ते म्हणाले, हे बघ, तू चोरलंस ते राहू दे बाजूला, आधी नीट ऐक, त्याला हात—

चोरलंस. हा एकच शब्द मला ऐकू आला. रस्त्याच्या मधोमध कुणी माझे कपडे उतरवले असते तर जसं झालं असतं तसं झालं. मी शिवी दिली. ज्यांनी मला दीड वर्ष काम शिकवलं त्यांना. आणि फोन बंद करून बुटात कोंबून ठेवला.

तो बूट आता पलंगाखाली आहे. मी तिकडे बघत नाही.

शनिवार, १५

आज मुळापासून निकाल लावला. ती कामावर गेली होती. काचेवरची, ढोलजवळची पुन्हा खरवडली, मग दगड बाहेर काढला, स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ठेवला आणि त्याच्यावर दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं. दारं-खिडक्या लावलेल्या होत्या, मास्तरांना गार वारा सोसत नाही. खोलीभर वाफ झाली, चष्मा धुरकटला. ओल्या खडूसारखा, गंजल्यासारखा वास. मास्तरांच्या खुर्चीपासून स्वयंपाकघराचं दार सात पावलांवर. ते मोठ्याने म्हणाले, प्रोफेसर, कुणाला शिजवतोयस? आत्या म्हणाल्या, दगड शिजवतोय, रात्रीचं सूप दाट होईल.

दुपार. आत्यांना चहा पितळेचा लागतोय. मास्तरांनाही. दोघंही मला हसतायत की माझी जीभ त्यांना लागली.

संध्याकाळ. मास्तर सारखे खोकतायत. आत्यांना थंडी वाजतेय. ती कामावरून आली आणि तिने आधी बेसिन घासून घेतलं, कारण मी तसंच ठेवलं होतं. उघड्या हातांनी. मी दारात उभा होतो. नको, एवढं म्हणालो असतो तर— का नको, असं विचारलं असतं तिने.

रविवार, १६

तिघांनाही ताप. मलाही. छातीवर कुणी वीट ठेवलीय.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. म्हातारे, शांत, घरचे जुने. मास्तरांची छाती बराच वेळ ऐकली. मग विचारलं, दोन-तीन दिवसांत घरात नवीन काही आलंय का? काही फवारलं, जाळलं, रंग खरवडला? सगळ्यांना एकदम झालंय म्हणून विचारतो. काय आत गेलंय ते कळलं तर औषधाची दिशा ठरते.

आत्या म्हणाल्या, नवीन म्हणाल तर हा प्रोफेसर. सगळे हसले, खोकत खोकत. डॉक्टरसुद्धा. मग आत्याच म्हणाल्या की काल याने एक दगड धुतला तेवढाच.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीसुद्धा, शालीत गुरफटलेली.

साधा दगड, मी म्हणालो. गरम पाण्याने धुतला.

दगड धुऊन कुणी आजारी पडत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी तापाची गोळी लिहून दिली.

सोमवार, १७

बुटातून फोन काढून चालू केला. सतरा वेळा फोन येऊन गेलेला. आणि उस्तादांचा निरोप. जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे मला तो नंतर बदलता येणार नाही:

‘पोरा फोन उचल. लाल पट्टीच्या टबात विष आहे. आलेल्या मालाला चिकटून येतात, गटारात टाकता येत नाहीत, म्हणून वेगळी ठेवतो. विकत नाही ते म्हणून. अंगात वाळू दिसली की ओळखायचं. उघड्या हाताने शिवू नकोस, खरवडू नकोस. गरम पाणी तर अजिबात नको, वाफेतून अंगात जातं, माणूस दगावतो. कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात नाव सांग.’ आणि खाली नाव. लांबलचक, शास्त्रातलं. ‘दगडाबद्दल मला काही म्हणायचं नाही. फोन उचल.’

वाळू. तिने नऊ तारखेलाच सांगितलं होतं. भिंगातून एकदा बघून. माझ्याआधी, माझ्यापेक्षा नीट.

मी खाली गेलो. सांगायलाच गेलो, हे खरं आहे. ती मास्तरांच्या पायांशी बसली होती. मास्तरांना वाक्य पुरं करता येत नव्हतं, दोन शब्द आणि श्वास, दोन शब्द आणि श्वास. तिने मला पाहिलं आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, तू स्वतः आजारी असून सारखा खाली येऊन बघतोस, तुझ्याबद्दल मी काय काय मनात आणलं, त्याबद्दल माफ कर.

तिने माझी माफी मागितली.

मी म्हणालो, काही नाही. काही नाही, असू दे. आणि वर आलो.

टँकमध्ये तळाशी एक राहिलंय. मी जवळ गेलो तर आज मिटलं नाही.

सोमवार, दुपार

पुन्हा खाली गेलो. आत्या झोपलेल्या, ओठ निळसर. ती मास्तरांना चमच्याने पाणी देत होती. मी म्हणालो, ऐक. ती थांबली. मास्तरांनीही मान वळवली. मी म्हणालो— टँकचं पाणी बदलायला हवं.

टँकचं पाणी.

पेन दोनदा निसटलं. तापानेच असेल.

मंगळवार, १८

सकाळी रुग्णवाहिका. मास्तर डोळे उघडत नाहीत. आत्यांनाही नेलं. तीही गेली, तिला धरून चालवावं लागलं. माझ्यासाठी जागा नव्हती. दुसरी गाडी पाठवतो म्हणाले.

जाताना तिने कागद दिला. दवाखान्याचा नंबर. तिथले डॉक्टर विचारतायत, घरात काय होतं. काही आठवलं तर लगेच सांग, म्हणाली. आता थोडेच तास आहेत, म्हणतात. बाबांकडे थोडेच तास आहेत. माझं मनगट धरून म्हणाली. तिचा हात—

तिच्या तळव्यावर फोड होते. बेसिन घासलेला हात.

कागद समोर आहे. फोन समोर आहे. उस्तादांनी पाठवलेलं नाव त्यात आहे. वाचून दाखवायचं, बस. एका मिनिटाचं काम.

पण काय म्हणून सुरुवात करायची. ते डॉक्टर जे ऐकतील ते तिला सांगतील. माझेच शब्द. ती ते जन्मभर— म्हणून एकदा लिहून घेतो आणि मग वाचतो. घाईत काहीतरी बोलून जातो मी, माझी खोड आहे.

‘मी विकत आणलेल्या एका कोरलमध्ये दोष निघाला’

नाही. खोटं.

‘दुकानातून मला दिलेल्या’

खोटं. लाज नाही वाटत. वाटते. तीच तर—

‘मी चोरलेल्या दगडावर विषारी’

हे खरं. पण चोरलेल्या हा शब्द तिच्या कानावर. तिथे, वडिलांच्या पलंगाशी. नको. विषाचं सांगायला चोरीचं कशाला. डॉक्टरांना चोरीचा काय उपयोग. ‘उचललेल्या’. तेही तेच.

गाडीचा आवाज आला वाटतं. नाही. कुणी नाही.

बोटांना पेन कळत नाही. अक्षर खाली चाललंय. श्वास अर्ध्यावर—

‘माझ्याकडे असलेल्या दगडावर’

हो. हे बरं. असलेल्या. खोटं नाही आणि

पण मग उकळतं पाणी. ते कुणी ओतलं. ‘ओतलं गेलं’. ‘चुकून ओतलं गेलं’. चुकून नको. चुकून होतं ना? मला माहीत नव्हतं. शनिवारी माहीत नव्हतं. रविवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा— सोमवारी तर—

सोमवारचं नकोच सांगायला

किती वाजले. ते गेले तेव्हा नऊ. आता साडेदहा. दीड तास. दीड तास मी हे एक वाक्य

जवळजवळ झालंय. ‘माझ्याकडे असलेल्या दगडावर चुकून गरम पाणी’— फक्त शेवट नीट येऊ दे. एवढं पुरं झालं की लगेच फो